पहिल्या कुहूचा हिशेब

‘यंदा कोकिळा जानेवारीतच ओरडायला लागली.’ ‘आमच्या रस्त्यावरचा पांगारा केव्हाच फुलला.’ ‘थंडी गेली कुठे?’ फेब्रुवारी सरता सरता असे निरोप मोबाइलवर येऊन थडकले नाहीत, असा मराठी माणूस सापडणं कठीण. त्यातच कोकण किनारपट्टीला फेब्रुवारीत उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला आणि पाठोपाठ हवामान खात्याने आकडा जाहीर केला: 2025 चा फेब्रुवारी हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. सरासरी तापमान 22.04 अंश, म्हणजे नेहमीपेक्षा 1.34 अंशांनी जास्त. मग काय, वसंत लवकर आला यावर शिक्कामोर्तबच झालं.

उकाडा खरा आहे. फुलं खरी आहेत, कुहूही खरी आहे. पण या तिघांची एका दमात लावलेली सांगड मात्र तपासून घ्यायला हवी.

सुरुवात कोकिळापासूनच करू. एक तर तो ‘येत’ नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो बारमाही राहतो. हिवाळाभर वडा-पिंपळाच्या, उंबराच्या फळांवर गप्प बसून गुजराण करतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विणीचा हंगाम जवळ आला की नराला कंठ फुटतो. त्याचं वेळापत्रक पुन्हा दुसऱ्याच्या हाती असतं, कारण अंडी घालायची ती कावळ्याच्या घरट्यात. गावकावळ्याची घरटी मुख्यतः एप्रिल ते जूनमधली. फेब्रुवारीतली कुहू ही त्याआधीची दीर्घ तयारी असते: हद्द राखणं आणि मादीला साद घालणं. ही तयारी एखाद्या नराने चार आठवडे आधी सुरू केली, म्हणून अख्ख्या शहराचा ऋतू सरकला असं होत नाही.

शिवाय कोकीळ वाढले आहेत. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या कोट्यवधी नोंदींवर बेतलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्याच पक्ष्यांची घसरण दाखवणाऱ्या त्या अहवालात कोकिळाची गणना मात्र चांगलं चाललेल्या मोजक्या पक्ष्यांत आहे. मोर आणि पारवा हे त्याच्या पंगतीला. इथेच खरी गोम आहे. साठ जणांच्या वर्गात मधल्या सुट्टीआधी डबा उघडणारं कुणीतरी निघतंच, दहा जणांच्या वर्गात निघेलच असं नाही. कोकीळ जितके जास्त, तितका त्यांतला सर्वांत उतावळा नर आधी ओरडण्याची शक्यता जास्त. बाकीचे सगळे नेहमीच्याच वेळेला गायला लागले, तरी ‘पहिली कुहू’ दरवर्षी थोडी थोडी अलीकडे येऊ शकते.

ऐकणारे कानही वाढलेत. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही फेब्रुवारीतली पक्षिगणना भारतात 2013 पासून होते. 2025 मध्ये 14 ते 17 फेब्रुवारी अशी चार दिवस ती झाली. शिवाय मर्लिनसारखी ॲप आवाजावरून पक्षी ओळखून देतात. ज्याला परवापर्यंत कावळा-चिमणीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, तोही आज गॅलरीत फोन धरून उभा राहतो. हे उत्तमच आहे. पण वीस वर्षांपूर्वीची जी कुहू कुणीच टिपली नाही, तिच्याशी आजच्या कुहूची तुलना करायची कशी? म्हणूनच ऋतूंचा अभ्यास करणारे पहिल्या तारखेपेक्षा मधल्या तारखेला जास्त मान देतात. निम्मे कोकीळ बोलू लागले तो दिवस, किंवा पळसाची निम्मी झाडं फुलली तो दिवस. त्यासाठी ‘आज काहीच ऐकलं नाही’ ही नोंदसुद्धा लागते, आणि ती कुणी ग्रुपवर टाकत नाही.

आपल्या फूटपट्टीचीही एक गंमत आहे. ‘पाडव्याच्या आधीच’, ‘होळी व्हायच्या आत’ असं आपण सहज बोलून जातो. पण पाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. अधिक महिन्याच्या हिशेबामुळे ही खूण पुढे-मागे सरकते. पाडव्यावरून मोजलं, तर ठरल्या तारखेला फुलणारं झाडही एका वर्षी अठरा दिवस ‘लवकर’ फुललेलं दिसेल. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 चं. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं निसर्गनिरीक्षणाचं ते पुस्तक आजही तितकंच टवटवीत आहे. पण त्यातून कॅलेंडरची तारीख काढू म्हटलं, तर याच कारणाने अडायला होतं.

मग पक्षी स्वतः कशावर मोजतात? अनेकांचं मुख्य घड्याळ म्हणजे दिवसाची लांबी. पुण्यात डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, तर जूनमध्ये तेरा तासांच्याही थोडा पुढे जातो. उकाडा असो वा गारठा, हा हिशेब दरवर्षी तोच राहतो. हिवाळाभर झुडपांत मुकाट वावरणारा दयाळ आता पहाटे तारेवर बसून लांबलचक शीळ घालतो, त्यामागे मुख्यतः हेच घड्याळ आहे. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्यात पिवळट दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी असते. तो पुन्हा निळा-जांभळा झळकू लागतो, तोही याच सुमारास. तांबटाचं मात्र थोडं वेगळं. ऐन थंडीत तो गप्पच असतो आणि ऊन तापलं की त्याची टुक-टुक दुपारभर थांबत नाही. फेब्रुवारीत उकाड्याचा परिणाम कानांनी ऐकायचा असेल, तर कोकिळापेक्षा तांबटाकडे लक्ष दिलेलं बरं.

ही दोन घड्याळं, एक सूर्याचं आणि एक तापमानाचं, एकमेकांपासून फारकत घेऊ लागली की काय होतं, ते नेदरलँड्समध्ये दिसलं. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणारा एक छोटा माशीमार पक्षी दिवसाच्या लांबीवरून परतीला निघतो. पण हॉलंडच्या रानात ऊब लवकर आल्याने पिल्लांना भरवायच्या सुरवंटांचा बहर आधीच ओसरू लागला. 2006 मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार, जिथे सुरवंट सर्वांत आधी संपत होते तिथले हे पक्षी सुमारे दोन दशकांत 90 टक्क्यांनी घटले. ऋतू सरकण्याची चिंता करायची ती यासाठी.

आपल्याकडे मात्र सगळंच ‘लवकर’ होतंय असंही नाही. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी पाहा. या खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कच्छच्या बाजूला पाणी टिकून राहिलं, तर रोहितांना मुंबईकडे यायची घाई नसते. म्हणजे पाऊस लांबला की आपले पाहुणेही लांबतात. उकाड्याशी त्यांच्या येण्याचा थेट संबंध नाही. भोरड्या तर दोन घरचे पाहुणे. मध्य आशियातून येणारे हे थवे आधी ज्वारीवर उतरून शेतकऱ्याच्या शिव्या खातात, मग पळस-पांगारा-सावरीच्या मधावर ताव मारतात. फुलांवर त्यांचा कल्ला दिसला, तर तो फुलांचा निरोप समजावा. ते परतणार एप्रिलच्या आसपास, त्यांच्या विणीच्या प्रदेशातल्या टोळांच्या मोसमाचा अंदाज बांधून.

कोकणातल्या कासवांची गोष्ट तर या साऱ्या चर्चेला उलटी कलाटणी देते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तिथून पुढे गावोगावचे किनारे या कामात आले. गेल्या काही हंगामांत पाऊस रेंगाळल्यावर पहिली घरटी उशिरा मिळाल्याचंच किनाऱ्यावरचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. पण एकदा अंडी वाळूत गेली की पुढचा कारभार तापमानाचा. साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि वाळू जितकी गरम, तितके दिवस कमी. एवढ्यावर ते थांबत नाही: गरम वाळूत माद्या जास्त निपजतात, थंड वाळूत नर. तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्याचा खरा ताळेबंद समुद्राकडे धावणाऱ्या पिल्लांतल्या नर-माद्यांच्या प्रमाणात आहे, आणि तो पर्यटकाच्या कॅमेऱ्यात येत नाही. घरट्यांवर सावली धरायची की नाही, यासारखे रुक्ष प्रश्न इथे कोकिळाच्या तारखेपेक्षा कितीतरी निकडीचे आहेत.

आणि वसंत म्हणजे फक्त पंख नव्हेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, उन्हाळ्याच्या तोंडावर एक सरडा दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘सरडा सुपर्बा’ असं नाव दिलं. त्याचा पंखा कोणत्या आठवड्यात उघडला, याची चर्चा कुठल्याच ग्रुपवर झाली नाही.

इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने 1736 पासून वसंताच्या खुणा टिपायला घेतल्या आणि त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालू ठेवलं. एवढी सलग वही हाताशी असली, म्हणजे ‘लवकर’ हा शब्द ठामपणे वापरता येतो. आपल्याकडे तशी सुरुवात ‘सीझनवॉच’ने केली आहे. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याची पालवी, कळ्या, फुलं आणि फळं किती आहेत ते नोंदवायचं, बस्स. केरळातल्या शाळांनी या कामात सर्वांत मोठा वाटा उचलला. कोकिळावर इतकं प्रेम असलेल्या महाराष्ट्रातल्या शाळांनी मागे का राहावं?

अडचण आहे, ती वेळापत्रकाची. पळस फुलतो आणि परीक्षा जवळ येते, बहावा फुलतो तेव्हा शाळांना सुट्टी. म्हणून झाड निवडायचं ते जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर. तेव्हाची हिरवी पानं, श्रावणातली कीड, हिवाळ्यातली पानगळ हे सगळं वहीत उतरलं, तर येत्या फेब्रुवारीत फुलांची नोंद एकटी पडणार नाही. सुट्टीतल्या नोंदी शिपाईकाकांकडे किंवा शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे सोपवता येतील. शिक्षण खात्याला त्यासाठी नवा विषय काढायला नको, परिसर अभ्यासाच्या तासातली आठवड्याची दहा मिनिटं पुरतील.