वीज गेल्यावरचा उजेड : घरच्या डिझेल जनरेटरचा हिशेब

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५७ फुटांपर्यंत चढले. सांगली आणि कोल्हापूर भागातील कित्येक पेठांत तळमजल्यावरची दुकाने बुडाली, वरच्या मजल्यांवर कुटुंबे अडकून पडली आणि वीजयंत्रणाच पाण्यात गेल्यामुळे अनेक वस्त्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. अशा वेळी ज्या घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले आजोबा आहेत, फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचे आहे, त्या घराला विजेचा अर्थ वेगळ्या रीतीने कळतो. अंगणात किंवा तळघरात बसवलेला जनरेटर पाण्याखाली गेला, तर तो असून नसल्यासारखाच. यंत्र घेणे सोपे आहे. ते योग्य जागी, योग्य जोडणीने आणि योग्य मापाचे बसवणे हे खरे काम आहे.

इंजिन आपल्या ओळखीचे

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. महाराष्ट्रात या इंजिनाची मुळे जुनी आहेत. सातारा रोड येथील कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली आणि पुढे हा कारखाना सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहात आला. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरचा पंप, तेलघाणा, पिठाची गिरणी या वाटेने डिझेलचे इंजिन गावोगाव पोहोचले. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ते बाजारपेठेत दुकानाच्या पायरीवर येऊन धडधडू लागले. आज भारनियमन पूर्वीसारखे उरलेले नाही. मात्र वादळ, पूर, रोहित्रातील बिघाड आणि केबल तुटणे हे संपलेले नाही. म्हणून घरच्या जनरेटरचा विचार आता रोजच्या वापरासाठी करायचा नसून अडीनडीसाठी करायचा आहे.

महावितरणच्या वाहिनीला जोडता येईल काय?

सौर छताची वीज वाहिनीत देऊन बिल कमी करता येते, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यावरून, मग जनरेटरची वीज का देऊ नये, असा प्रश्न व्यापारी मनाला पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर तंत्रात आणि हिशेबात, दोन्हीकडे मिळते.

दोन वीजस्रोत एकाच तारेवर चालवायचे, तर चार गोष्टी जुळाव्या लागतात : दाब, वारंवारिता, फेजचा क्रम आणि लहरीची नेमकी वेळ. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. चार ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला की ५० हर्ट्झ मिळतात. गती थोडी ढळली की वारंवारिताही ढळते. लहरी जुळलेल्या नसताना जोडणी केली, तर क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहून अल्टरनेटरचा शाफ्ट किंवा वेटोळी निकामी होऊ शकतात. हे काम करणारे सिंक्रोनायझिंग पॅनेल आणि संरक्षक रिले कारखान्यांना परवडतात. शिवाय वीज कंपनीच्या संमतीशिवाय स्वतःचे जनित्र तिच्या वाहिनीशी समांतर चालवता येत नाही, आणि घरगुती नेट मीटरिंगची सोय सौरऊर्जेसारख्या अपारंपरिक स्रोतांसाठी आहे.

आता खतावणी पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट इतकी उष्णता असते. लहान जनरेटर त्यातून तीन ते साडेतीन युनिट वीज काढतो. बाकीची ऊर्जा धूर, उष्णता आणि आवाजात जाते. डिझेल लिटरला ९० रुपये धरले, तर इंधनाचाच खर्च युनिटला २५ ते ३० रुपये पडतो. त्यात तेल, फिल्टर आणि यंत्राची झीज वेगळी. एवढी महाग वीज तयार करून वाहिनीला देण्यात कोणताही नफा नाही. घरच्या जनरेटरचे स्थान वाहिनीच्या शेजारी नसून तिच्या मागे आहे. वाहिनी बंद पडली की त्याने पुढे यावे आणि ती परतली की बाजूला व्हावे.

खांबावरच्या माणसाचा जीव

या साऱ्या विषयात सर्वांत गंभीर बाब हीच. वीज गेली की काही घरांत जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घुसवली जाते. तिच्या दोन्ही टोकांना प्लग असतात. मुख्य स्विच चालू राहिला, तर घरातली वीज उलट्या दिशेने मीटरमधून बाहेर पडते आणि रोहित्रापर्यंत जाते. जे रोहित्र ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरांना देते, तेच उलट दिशेने २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. वाहिनी बंद आहे अशा समजुतीने भर पावसात खांबावर चढलेला वायरमन त्या तारेला हात लावतो. एका घरातला उजेड दुसऱ्या घरातला कर्ता माणूस नेऊ शकतो.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. त्याचे नाव चेंजओव्हर स्विच. त्याच्या एका बाजूला वाहिनी, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मधे घर. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणे त्याच्या रचनेतच अशक्य असते. फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा स्विच घ्यावा : सिंगल फेजसाठी दोन पोलचा, थ्री फेजसाठी चार पोलचा. जनरेटरच्या न्यूट्रलला आणि धातूच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. वीज गेल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन भार उचलावा अशी इच्छा असेल, तर ऑटोमॅटिक पॅनेल बसवता येते. मात्र त्यातही दोन्ही स्रोतांमधील यांत्रिक अडसर असलाच पाहिजे. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि ठरावीक क्षमतेवरील जनित्रासाठी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते काय, हे खरेदीपूर्वीच त्याच्याकडून लेखी घ्यावे.

माप किती असावे?

दुकानदार नेहमी ‘मोठा घ्या, पुढे उपयोगी पडेल’ असे सांगतो. जनरेटरच्या बाबतीत हा सल्ला घातक ठरतो. डिझेल इंजिन क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालले, तर ते पुरेसे तापत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी नळीत साठते, तेल बिघडते आणि इंजिनाचे आयुष्य घटते.

एका मध्यम घराची यादी अशी होईल : आठ पंखे ६०० वॅट, वीस एलईडी दिवे २००, फ्रिज २००, ऑक्सिजनचे यंत्र ३५०, दीड टनाचा एक एसी १,५००, एक अश्वशक्तीचा पंप १,०००, टीव्ही आणि वायफाय १५०. एकूण ४,००० वॅट म्हणजे ४ किलोवॅट. जनरेटरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते. तिला ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. म्हणून ४ किलोवॅटला किमान ५ केव्हीए लागतात. परंतु पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. तो धक्का सोसण्यासाठी ७.५ केव्हीएचा संच योग्य, आणि पंप सर्वांत आधी सुरू करून मग बाकीची उपकरणे चालू करण्याची शिस्त आवश्यक. हा संच ४ किलोवॅट भारावर तासाला सुमारे सव्वा ते दीड लिटर डिझेल घेईल.

याच घरात रात्री एसी आणि पंप बंद असतील, तर भार दीड किलोवॅटपर्यंत, म्हणजे क्षमतेच्या चौथाईवर येतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात तर रात्री स्वयंपाकघराचाही भार नसतो. दोन दिवे आणि चार पंख्यांसाठी इंजिन चालवण्यापेक्षा रात्रीचा भार बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ठेवावा. संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालवून त्यात पाणी चढवावे, फ्रिज थंड करावा आणि बॅटऱ्या भरून घ्याव्यात. डिझेल वाचते, यंत्र निरोगी राहते आणि रात्रीची शांतताही टिकते.

घरात रुग्ण असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरलाही भार उचलायला काही सेकंद लागतात, आणि कधी तो सुरूच होत नाही. म्हणून ऑक्सिजनच्या यंत्राला इन्व्हर्टरचा आधार आणि भरलेला सिलिंडर हाताशी असावाच.

जागा, धूर आणि शेजार

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही; बंद जागेत तो झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून जनरेटर खोलीत, जिन्याखाली, बंद बाल्कनीत अथवा तळघरातील वाहनतळात कधीही चालवू नये. उघड्या हवेत, खिडक्यांपासून दूर, छपराच्या आडोशाला आणि त्या भागातील पुराच्या ज्ञात रेषेच्या वर पक्का चौथरा करून तो बसवावा. गच्चीवर ठेवायचा असेल, तर स्लॅब वजन आणि कंपन सोसेल काय, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

धुराड्याच्या उंचीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे : इमारतीच्या उंचीत, केव्हीएच्या वर्गमूळाला ०.२ ने गुणून येणारे मीटर मिळवावेत. ७.५ केव्हीएसाठी हे उत्तर सुमारे ०.५५ मीटर येते. म्हणजे धुराडे इमारतीच्या माथ्यावर अर्धा मीटर जाऊ द्यावे. ध्वनिरोधक आवरणापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असला पाहिजे. १ जुलै २०२३ पासून नव्या संचांना सीपीसीबी चार-प्लस हे अधिक कडक उत्सर्जन मानक लागू झाले आहे. जुना संच स्वस्तात मिळत असला, तरी त्याचा धूर शेजारच्या लेकरांच्या छातीत जातो, हा खर्च पावतीवर दिसत नाही.

डिझेल साठवण्यातही संयम हवा. पेट्रोलियम नियमांनुसार २,५०० लिटरपर्यंत, प्रत्येकी १,००० लिटरहून मोठ्या नसलेल्या भांड्यांत, परवान्याशिवाय डिझेल ठेवता येते. परंतु घराला त्याची गरज मुळीच नाही. रोज तीन तासांप्रमाणे आठवडाभर चालवले, तरी तीस-बत्तीस लिटर पुरतात. धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघर आणि देवघरातील समईपासून दूर ते ठेवावे. सहा महिन्यांत वापरून टाकावे आणि नवे भरावे. जुन्या डिझेलमध्ये ओलावा आणि गाळ साचून फिल्टर तुंबतात.

छतावर सौर पॅनेल असतील तर

वीज गेली की बॅटरी नसलेला साधा सौर संच भर उन्हातही बंद पडतो. अनेकांना हा दोष वाटतो. वस्तुतः ती खांबावरच्या वायरमनसाठी केलेली सोय आहे. जनरेटर सुरू करताच सौर इन्व्हर्टर त्यालाच वाहिनी समजून जोडला जाऊ शकतो. मग उन्हाची वीज घरच्या भाराहून जास्त झाली, तर ती इंजिनात उलटी शिरते. म्हणून जनरेटर चालू असताना सौर संच तोडणारी व्यवस्था अथवा दोघांचा मेळ घालणारा नियंत्रक बसवावा. नव्याने विचार करणाऱ्यांनी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरची तुलनाही करावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. डिझेलला असा आधार नाही. ऊन आणि बॅटरी रोजची बाजू सांभाळतील आणि लहान जनरेटर पावसाळ्यातले सलग ढगाळ दिवस निभावेल, अशी वाटणी पुष्कळ घरांना सोयीची ठरेल.

महिन्यातून एकदा

ऐन वेळी जनरेटर सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे मेलेली स्टार्टर बॅटरी. महिन्यातून एकदा अर्धा तास, आणि तोही खऱ्या भारावर, यंत्र चालवावे. तेल, पाणी आणि पट्टा पाहावा. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, ते पुस्तिकेप्रमाणे करावे. चालू तासांची नोंद रोजमेळीसारखी ठेवावी. आणि चेंजओव्हर कसा फिरवायचा, हे घरातील किमान तिघांना, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या सासू-सुनांना, हाताने करून दाखवावे. पूर किंवा वादळ आले, तेव्हा घरातला कर्ता पुरुष नेमका परगावी पेढीवर असतो.

अडीअडचणीसाठी तरतूद करणे हा व्यापारी घराण्यांचा जुना स्वभाव आहे. त्या तरतुदीचा भार शेजाऱ्याच्या श्वासावर किंवा वायरमनच्या जिवावर पडू नये, एवढे पाहिले की घरचा उजेड निर्धोक होतो. पेठेत काळोख असेल आणि एखाद्या घरात दिवा लागलेला असेल, तेव्हा शेजारच्या आजारी माणसाचे औषध त्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले जाते, चार मोबाइल तिथे चार्ज होतात आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन कळश्या तिथून भरल्या जातात. हिशेबाच्या वहीत या नोंदीला रकाना नसतो, पण पेठ ती विसरत नाही.