रानाची मजुरी

धाकटीनं काल विचारलं, की फणसाडच्या जंगलात शिरायला तिकीट कशाला? जंगल तर कुणी बांधलेलं नाही, मग पैसे कुणाचे? प्रश्न मला फार आवडला. उत्तर लांबलचक आहे, तेव्हा नीट बसून ऐका. सुरुवात उंबरापासून करू.

पेणला ओढ्याकाठी, रोह्याला कुंडलिकेच्या वाटेवर तुम्ही उंबर पाहिलाय. पण त्याचं फूल पाहिलंय कुणी? नाही ना. आपण ज्याला फळ म्हणतो ना, त्या हिरव्या गोळ्याच्या आतच शेकडो फुलं मिटून बसलेली असतात. गोळ्याच्या टोकाला एक बारीक भोक असतं. तिथून जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद, की शिरताना तिचे पंख तुटतात. ती ज्या उंबरावर जन्मली तिथले परागकण तिनं सोबत आणलेले असतात. ते ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढे अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंखच नसतात. त्यांचं मादीशी मीलन होतं, मग ते गोळा पोखरून बाहेर जायची वाट करतात आणि आतच संपतात. त्या वाटेनं माद्या परागकण घेऊन उडतात. उंबर फोडल्यावर आपण ज्यांना केंबरं म्हणून नाक मुरडतो, ती हीच मंडळी.

आता यातला व्यवहार बघा. ज्या फुलात अंडं पडलं त्याचं बी होत नाही, ते माशीची पिल्लं खातात. म्हणजे उंबर आपल्या बियांतला मोठा वाटा मजुरी म्हणून देऊन टाकतो. त्या मजुरीवर उरलेली फुलं फळतात. माशी बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसच जगते, त्यामुळे रानात कुठला ना कुठला उंबर कायम तयार असावा लागतो. म्हणून जेव्हा बाकीची झाडं रिकामी असतात, तेव्हाही उंबराच्या खोडाला फळं लगडलेली दिसतात. आणि त्यावर सगळं रान जगतं. आपला राज्यपक्षी हरियाल, आपला राज्यप्राणी शेकरू, वटवाघळं, आणि धनेश.

धनेशाची गोष्ट तर मी सांगितल्याशिवाय राहणारच नाही. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, चिखलानं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. उंबर, वड, पिंपळ, जे मिळेल ते. बिया पोटातून निघतात आणि भलत्याच ठिकाणी, मैलभर लांब पडून रुजतात. हीसुद्धा मजुरीच. पण धनेशाला लागते ती ढोली. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, त्याला कितीतरी दशकं जातात. रोपं उद्या हजारांनी लावता येतील, ढोली कुणाला लावता येणार नाही. म्हणून जुनं रान राखण्याला तोड नाही.

आणि फणसाड हे जुनं रान आहे. मुरुड आणि रोहा तालुक्यांत, समुद्राच्या इतकं जवळ. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव रान होतं. नवाबाला शिकार हवी म्हणून कुऱ्हाड बाहेर राहिली. संस्थान गेलं, रान उरलं, आणि १९८६ साली ते अभयारण्य झालं. आत गारंबीचा वेल आहे, मांडीएवढा जाड, झाडावरून झाडावर गेलेला, त्याच्या शेंगा मीटरभर लांब होतात. बिया इतक्या टणक, की ओढ्यातून समुद्रात गेल्या तरी तरंगत राहतात आणि दूरच्या किनाऱ्यावर रुजतात. शेकरू त्या वेलांवरून, फांद्यांवरून जातं, जमिनीवर क्वचितच उतरतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा इथली किती झाडं आडवी झाली! छत फाटलं, की शेकराची वाट तुटते. पण त्याच फटीतून ऊन खाली पोचतं आणि वर्षानुवर्षं सावलीत खुरटलेली रोपं एकदम उसळी घेतात.

थोरला म्हणेल, आजोबा, रान आपलं आपण सावरतं, मग खर्च कसला?

अरे, राखण कोण करतं? मार्च उजाडला, की पानगळीचा जाड थर वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते. म्हणून त्याआधीच जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे रानात पट्टे साफ करून जाळून ठेवायचे, वणवा तिथं थांबावा म्हणून. इथं पाणवठ्याला गाण म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण अशी नावं आहेत. उन्हाळ्यात त्या गाणींतला गाळ काढायला माणसं लागतात. रात्रीची गस्त लागते. वनरक्षक, रोजंदारीचे मजूर, सगळ्यांना पगार द्यावा लागतो. त्याहून मोठा खर्च कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. भोवतालच्या गावांनी आणि वाड्यांनी चराई सोडली, सरपण सोडलं, ससा-रानडुकराची शिकार सोडली. तिथल्या बायांनी डोक्यावरची मोळी सोडली ती आपल्यासाठी. त्याची भरपाई त्यांना मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तिकडे चंद्रपुराला ताडोबा आहे. तिथं वाघ आहे. कायद्यात २००६ साली बदल झाला आणि व्याघ्रप्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढून गेटवरचे पैसे तिथंच, भोवतालच्या गावांसाठीही वापरता येऊ लागले. फणसाडला वाघ नाही, बिबट्या आहे, आणि तो काही कुणाला दर्शन द्यायला थांबत नाही. मुरुडला येणारी गर्दी किनाऱ्यावर आणि किल्ल्यावर जाते. त्यातून थोडी माणसं रानात येतात. तीही फार वाढून चालणार नाही, नाहीतर धनेश ढोली सोडून जाईल. मग निव्वळ तिकिटावर हे रान कसं चालणार? राज्याचं अनुदान आहे, गावांना गॅससारख्या गोष्टी देणारी जनवन विकास योजनाही २०१५ पासून आहे. चांगल्या आहेत. पण अनुदान हे दरवर्षी कुणाच्या तरी मनावर असतं.

खरा पैसा पाण्यात आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. उघड्या डोंगरावरून तो खाडीला धावतो. रानात मात्र पानांच्या थरातून, मुळांच्या वाटेनं जमिनीत उतरतो आणि पुढे महिने झिरपत राहतो. मुरुडचं पाणी गारंबीच्या धरणातून येतं, ते नवाबी काळातलं धरण त्याच डोंगरातल्या पाण्यावर भरतं. पेणचं हेटवणे धरण घ्या. त्याचं पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जातं, आणि आपल्या खारेपाटातल्या बाया मात्र हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाणी पिणारे बिल भरतात ते पंपाचं आणि पाइपाचं. डोंगरावरच्या रानाचं त्यात काहीच नसतं. पाणीपट्टीत रानाचा वाटा असावा आणि तो वरच्या गावांपर्यंत पोचावा, हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

हे कुणी करून पाहिलंय का, असं विचाराल. पाहिलंय. मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे, पावसाळी जंगलांचा. गुरांसाठी तिथली रानं झपाट्यानं तोडली गेली. १९९६ साली त्यांनी कायदा केला, की जो जंगल राखेल त्याला सरकार पैसे देईल. पैसे कुठून? इंधनावरच्या करातून, आणि पुढे पाण्याच्या शुल्कातूनही. आज त्या देशात निम्म्याहून जास्त जमिनीवर पुन्हा झाडी आहे. आणि आपल्याच केरळात, पेरियारच्या रानात, जे लोक रात्री शिरून रानदालचिनीची साल चोरायचे, त्यांनाच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाटाड्याचं आणि गस्तीचं काम देण्यात आलं. चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार! पर्यटकांच्या पैशातून त्यांची घरं चालू लागली.

आता कालपासून थोरल्याच्या ओठावर असलेला प्रश्न. गावानं पैसे घेतले आणि तरी झाडं तोडली, वणवा लावला, तर?

त्यालाही उंबराच्या कुळानं उत्तर शोधलंय. काही माश्या परागकण न आणता रिकाम्या हातानं आत शिरतात आणि नुसती अंडी घालतात. शास्त्रज्ञांनी अशा माश्या मुद्दाम सोडून पाहिल्या. या कुळातल्या कितीतरी झाडांनी ती फळं पिकूच दिली नाहीत, कच्ची असतानाच गाळून टाकली, आत वाढणाऱ्या पिल्लांसकट. ज्या गोळ्यात परागकण पोचले, तो मात्र शेवटपर्यंत पोसला. कोस्टारिकातही करार वर्षांचा आणि हेक्टरचा असतो. कुणीतरी जाऊन रान उभं आहे की नाही ते बघून येतं, आणि मगच पुढचा हप्ता निघतो.