ट्रक शिकायचा आहे?

ट्रक शिकायचा तर आधी धीर धरावा लागतो. परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष आधी मिळालेला हवा. आठवी पास असण्याची अट २०१९ साली रद्द झाली. तरी रस्त्यावरील चिन्हे ओळखता आलीच पाहिजेत. पहिल्या शिकाऊ परवान्याच्या परीक्षेतही त्यांवर प्रश्न असतात.

प्रशिक्षण शाळेत तुम्हांला ट्रक पळवण्याची घाई होईल. खरे शिकायचे असते ते थांबवणे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन सुरू केल्यावर दाबाचा काटा पुरेसा वर येईपर्यंत गाडी हलवू नका. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर तो तापतो आणि पुढे लागेनासा होतो. म्हणून नाशिकहून मुंबईकडे येणारा जाणता ड्रायव्हर कसारा घाटाचा उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच वेग आवरून धरते. डिझेल वाचवण्यासाठी काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ही कसली बचत!

ट्रक मागे घेण्यापूर्वी खाली उतरून जागा स्वतः पाहा. क्लीनरच्या 'येऊ द्या, येऊ द्या'वर सगळे सोपवू नका. आरशात न दिसणाऱ्या जागी एखादे लहान मूल उभे असू शकते.