हळदीच्या डागापासून प्रतिसादी कापडापर्यंत

नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा शहर मागे पडले की वैनगंगेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे कारधा हे गाव. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचे लक्ष या पुलाकडे असते, कारण वैनगंगेची पूरपातळी येथेच मोजली जाते. लग्नसराईत मात्र याच काठावर एक निराळे दृश्य पाहावयास मिळते. हळदीच्या समारंभातील पिवळे झालेले धोतर किंवा पातळ कोणी धुवावयास घेते, त्यावर साबण फिरवते आणि पिवळा डाग पाहता पाहता लालसर होतो. पाण्यात खळबळून साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. घराघरांतील स्त्रियांना हा प्रकार इतका परिचयाचा आहे की त्यात नवल ते काय, असेच कोणालाही वाटेल. परंतु आज जगभरच्या प्रयोगशाळांतून ज्याला 'प्रतिसादी वस्त्र' म्हटले जाते, त्याचे हे अगदी घरगुती उदाहरण आहे. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात लाल होते. कापडाने जणू आपल्या अंगावर काय पडले, हे सांगितले.

सुती कापडाला असे 'बोलके' करता येते, याचे रहस्य कापसाच्या तंतूत आहे. तंतूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या लांबलचक रेणुसाखळीवर जागोजागी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे छोटे गट असतात. त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. हे गट पाण्याला धरून ठेवतात, म्हणून सुती सदरा घाम टिपतो. कच्चा कापूस मात्र पाण्यावर तरंगतो, कारण तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ लेप असतो. गिरणीत कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात कापड शिजवून हे मेण काढतात आणि मगच पुढील प्रक्रिया करतात. हायड्रॉक्सिल गट म्हणजे एका परीने कापडाच्या अंगावरील खुंट्या होत. त्यांना काय अडकवावे आणि ते किती घट्ट बसावे, एवढ्याच दोन प्रश्नांभोवती हे सारे शास्त्र फिरते.

हे काम आजचे नाही. विणकर सुताला खळ देतात, ती पृष्ठभागावरील प्रक्रियाच. रंगाऱ्यांनी हिरडा आणि तुरटी यांच्या साहाय्याने सुतावर रंग बसविला, तोही त्याच वाटेने. इंग्लंडमध्ये 1956 साली बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी या वाटेवरचे मोठे पाऊल टाकले. हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंधनाने जोडले जातात, म्हणून धुतल्यावरही टिकतात. उन्हाळ्यात मोटारगाडीला टांगलेली जाड सुती कापडाची छागळ जुन्या वाचकांना आठवत असेल. ती प्रथम झिरपते, मग तंतू फुगून छिद्रे बारीक होतात आणि पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी आतले पाणी गार ठेवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांसाठी घट्ट विणीचे जे सुती कापड तयार झाले, त्यामागे हेच फुगण्याचे तत्त्व होते.

आपल्या राज्यातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. मुंबईत माटुंगा येथे 1924 साली सुरू झालेली प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील शास्त्रज्ञांनी विद्राव्य स्टार्चच्या आधाराने जस्ताच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार करून ते सुती कापडावर बसविले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा कापडावर रोगजंतूंची वाढ रोखली गेली आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासूनही अधिक संरक्षण मिळाले. स्टार्च म्हणजे आपली खळच! धानाच्या जिल्ह्यातील वाचकांना याचे कौतुक वाटावे.

याहून विलक्षण प्रयोग नेदरलँड्स आणि हाँगकाँग येथील संशोधकांनी 2013 साली जाहीर केला. तापमानानुसार स्वभाव बदलणाऱ्या एका बहुवारिकाचा थर त्यांनी सुती कापडावर चढविला. थंडाव्यात हे कापड धुक्यातून स्वतःच्या वजनाच्या 340 टक्के पाणी शोषून घेते, साध्या कापडाला ते 18 टक्केच साधते. तापमान सुमारे 34 अंशांवर गेले की तेच कापड पाणी सोडून देते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमानाची उणीव नाही, पण धुके कोठून आणावयाचे? प्रत्येक शोध प्रत्येक भूमीला लागू पडतोच असे नाही.

पाणी न चिकटणारे कापड हा दुसरा प्रकार. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कमळाच्या पानावरून थेंब कसा घरंगळतो, हे येथे मुलांनाही ठाऊक असते. पानावरील सूक्ष्म उंचवटे आणि मेण यांचा तो संयुक्त परिणाम असल्याचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 साली दाखविले. त्याची नक्कल कापडावर करता येते. मात्र पाणी झटकण्यासाठी पूर्वी सर्रास वापरली जाणारी काही फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओए या रसायनाचा समावेश 2019 साली स्टॉकहोम करारातील निर्बंधित पदार्थांत झाला.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कापड धुतले जाते आणि धुण्याचे पाणी अखेर नदीला मिळते. चांदीचे सूक्ष्म कण लावलेल्या मोज्यांतील चांदी पाण्यात उतरते, असे अमेरिकेतील संशोधकांना 2008 साली आढळले. जी चांदी मोज्यातील जंतूंना मारते, ती पाण्यातील उपयुक्त जंतूंनाही सोडणार नाही. ग्राहकाच्या दृष्टीनेही पाच-दहा धुण्यांत गुण गमावणारे कापड महाग पडते. केंद्र शासनाने 2020 साली तांत्रिक वस्त्रांसाठी 1480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. अमरावतीच्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 2024 साली झाली. विदर्भाच्या कापसावर विदर्भातच मूल्यवर्धन व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु 'हे कापड काय करते' याबरोबरच 'धुतल्यावर त्यातून काय निघते' हेही उत्पादकाला पहिल्याच दिवशी विचारले गेले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या कसोटीवर एक उपयोग विशेष आशादायक दिसतो, तो म्हणजे जखमेवरील पट्टीचा. बरी होत आलेल्या जखमेचा पृष्ठभाग सामान्यतः किंचित आम्लधर्मी होत जातो, तर चिघळलेली, जुनी जखम अल्कधर्मी राहते. रंग बदलणारे द्रव्य पट्टीच्या सुतावर पक्के बसविले, तर पट्टी न सोडता आतील स्थितीचा अंदाज यावा, या दिशेने प्रयोग चालू आहेत आणि त्यांत हळदीतील रंगद्रव्याचाही विचार होत आहे. जखमेची पट्टी एकदाच वापरतात आणि रुग्णालयातील कचऱ्याच्या नियमांनुसार तिची विल्हेवाट लावतात. ती नदीवर धुवावयास कोणी नेत नाही.