लेकीला धावू द्या

धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपतो, पाऊस उघडतो आणि हुडकेश्वरच्या लेआउटमधील मोकळ्या जागांवर पहाटे धावणारी मुले-मुली दिसू लागतात. कुणी पोलीस भरतीसाठी धावते, कुणी महाविद्यालयासाठी. आज आम्ही बोलणार आहोत ते भावी शिक्षिकांविषयी.

लहान बी.एड. महाविद्यालयाचा खेळाचा हंगाम तो केवढा? एक तुकडी ५० जणांची. २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे सारे मिळून १०० विद्यार्थी. त्यांतूनच १०० मीटर धावणारी, चार किलोचा गोळा फेकणारी आणि रिलेच्या चौघी शोधायच्या. पाठ-टाचण लिहायचे, दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे, घरचा स्वयंपाकही पाहायचा. सरावाला उरते ती पहाटच.

पदक क्वचित मिळते. पण उद्या हीच मुलगी बाई म्हणून शाळेत उभी राहील.

पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात गोलंदाजीला चेंडू मिळे, चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानावरचा भेद असा असतो. खेळाच्या तासाला कोणते मूल कोपऱ्यात बसवले जाते, हे स्वतः मैदानावर घाम गाळलेल्या बाईंच्या लगेच लक्षात येते.

म्हणून माता-पित्यांना आमची विनंती आहे. चार लोक काय म्हणतील म्हणून लेकीला घरी बसवू नका. सकाळचा चहा भावाने करावा, बापाने तिच्यासोबत मैदानापर्यंत जावे. सावित्रीमाईंनी शेण झेलून आपल्याला शाळेचे दार उघडून दिले; मैदानाचे दार आपण उघडू या.