मोळी कुणाच्या डोक्यावर? : नववीच्या वर्गासाठी दोन उतारे

वेगवेगळ्या संस्कृतींचं बालसाहित्य वर्गात आणायचं म्हटलं की आधी जपान, रशिया आठवतात. ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मराठीत आहे आणि ते मुलांना वाचायला द्यावंच. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिक्षकाला सुरुवातीलाच इतक्या लांब जायचं कारण नाही. इथल्या वर्गात ब्राह्मण, कुणबी, भंडारी, खारवी, बौद्ध, मुसलमान अशा घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलंही काही शाळांत दिसतात. आधी याच मुलांना एकमेकांची घरं गोष्टींतून दिसली पाहिजेत.

त्यासाठी दोन पुस्तकं निवडू. पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं, ‘श्यामची आई’. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी, त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. दुसरं ऊर्मिला पवार यांचं आत्मकथन ‘आयदान’, २००३ सालचं. त्यांचं गाव फणसवळे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलंच. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. मागे आई आयदानं, म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या विणून घर चालवत राहिली. ‘आयदान’ मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, त्यातले काही प्रसंग नववीच्या मुलांना झेपणारे नाहीत. म्हणून शिक्षकाने ते अख्खं वाचून उतारे स्वतः निवडायचे. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

पहिल्या तासाला नुसतं वाचन. ‘श्यामची आई’तला म्हाताऱ्या महार बाईचा प्रसंग घ्या. तिची मोळी खाली पडलेली असते आणि आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. लगेच ‘आयदान’ची सुरुवात वाचा. तिथे गावातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत. मध्ये थांबून अर्थ सांगत बसू नका आणि तात्पर्य तर अजिबात विचारू नका. तात्पर्य आलं की मुलं विचार करायचं थांबवतात, वहीत एक ओळ उतरवून मोकळी होतात.

दुसऱ्या तासाला प्रश्न. गोष्ट कोण सांगतंय? कोण गप्प आहे? मोळी कुठून आली, कुठे चालली, तिचे पैसे किती मिळणार, हे कुठल्या उताऱ्यातून कळतं? पहिल्या प्रसंगात आपण श्यामच्या डोळ्यांनी बघतो. आईची माया, श्यामची घालमेल दिसते. म्हातारीची मान किती दुखत होती, हे तिथे कळायची सोय नाही. दुसऱ्या पुस्तकात ओझ्याखालची माणसं चालता चालता बोलतात, एकमेकींची थट्टाही करतात. हा फरक मुलांनी स्वतः हुडकायला हवा. त्याला वेळ लागतो, तो द्यावा.

साने गुरुजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी हे वाचन नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं, हेही त्याच तासात सांगा.

तिसऱ्या तासाला वर्गात रोवळी किंवा सूप आणा. हातात फिरू द्या. कड कशी बांधली आहे, रोवळीत पाणी निथळायला किती फट ठेवली आहे, बेळं म्हणजे बांबूच्या पट्ट्या कुठे गुळगुळीत तासली आहेत, हे बोटांना कळू द्या. मग घरी जाऊन विचारायला सांगा: आपल्याकडे अशी वस्तू आहे का, ती कुणी विणली, विणणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक आहे का? बहुतेक घरांत वस्तू सापडेल, नाव सापडणार नाही.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. वर्गातल्या एखाद्या मुलीकडे बघून ‘तुमच्यात कसं असतं गं?’ असं कधीही विचारू नये. बोलायचं ते पात्रांविषयी. कुणी आपणहून घरचं सांगितलं तर ऐकून घ्यावं.

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तक वाचकासाठी आरसाही असतं आणि खिडकीही. या दोन उताऱ्यांत ते समोर घडतं. एका मुलाचा आरसा ही शेजारच्याची खिडकी होते, आणि पुढच्या उताऱ्याला जागा बदलतात. आजवर ज्यांच्या वाट्याला फक्त खिडक्याच आल्या, त्या मुलांसाठी हा बदल फार मोठा आहे.

शेवटी लेखन: तोच मोळीचा प्रसंग म्हातारीच्या तोंडून, एका पानात. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. संगमेश्वरी किंवा दालदी बोलीत कुणी लिहिलं तर तसंच मोठ्यानं वाचून दाखवा.

यानंतर प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्यावी. ती हिंदीतही आहे आणि उर्दूतही, त्यामुळे जवळच्या उर्दू शाळेबरोबर एक तास एकत्र घेता येईल. तोत्तोचानची शाळा त्याच्या पुढची.

‘श्यामची आई’ जवळपास प्रत्येक शाळेच्या कपाटात असते, ‘आयदान’ क्वचितच असतं. ग्रंथालयाच्या पुढच्या खरेदीत त्याची एक प्रत मागवा, आणि वर्गात नेण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा.