गर्दी मोजली, पण गेट कोण बंद करणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय आणि एआय कॅमेरे, ड्रोन, कंट्रोल रूम यांची चर्चा जोरात आहे. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे सगळं आवडणारच. पण माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. स्क्रीनवरचा आकडा लाल झाला की पुढे काय होणार?

आधी एक गैरसमज दूर करू. चेंगराचेंगरी म्हटलं की लोक पळाले, पडले, तुडवले गेले असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात अनेक जण उभ्या-उभ्याच गुदमरतात, कारण दाब इतका असतो की छाती फुगायला जागाच उरत नाही. म्हणून एकूण किती लाख आले यापेक्षा एका चौरस मीटरमध्ये किती माणसं आहेत हे महत्त्वाचं. दोन-तीन असतील तर आरामात चालता येतं. पाचाच्या पुढे धोका वाढतो. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलूच शकत नाही, गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते. त्या क्षणी लाउडस्पीकरवरून कितीही ओरडा, उपयोग नाही.

म्हणजे जे करायचं ते आधीच करायला हवं. आणि इशारा आधी मिळतो का? मिळतो. 2006 च्या हजमध्ये मक्केजवळ जमरात पुलापाशी 346 लोक गेले. डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी नंतर तिथल्या व्हिडिओचा अभ्यास केला. आधी गर्दी सरळ चालत होती. मग ट्रॅफिकमधल्या गाड्यांसारखी थांब-चाल, थांब-चाल सुरू झाली, आणि त्यानंतर लोक सगळ्या दिशांना ढकलले जाऊ लागले. ती थांब-चाल म्हणजेच इशारा. कॅमेऱ्याला ती ओळखायला शिकवणं आज अवघड नाही.

पण नुसता इशारा पुरत नाही. 29 ऑक्टोबर 2022, सोलमधलं इतेवॉन. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पोलिसांना पहिला फोन आला की इथे माणसं चिरडतील. दुर्घटना घडली दहानंतर. मधल्या काळात असे आणखी फोन आले. 159 जीव गेले. माहिती होती, पण तिच्यावरून गल्लीत शिरणारा लोंढा थांबवला गेला नाही.

आमच्या क्षेत्रात याला बॅकप्रेशर म्हणतात. पुढच्या सर्व्हरला झेपत नसेल तर मागच्याने हळू पाठवायचं. गर्दीलाही हेच लागू होतं, आणि इथेच वाहतूक येते.

साधं गणित करू. एक मीटर रुंदीच्या वाटेवरून सेकंदाला साधारण एक माणूस नीट पुढे सरकतो. पाच मीटरच्या रस्त्यावरून मिनिटाला 300. आता समजा, एका स्पेशल ट्रेनमधून 3000 लोक उतरले. तो रस्ता मोकळा व्हायला दहा मिनिटं लागणार. पुढची गाडी पाच मिनिटांत आली तर? तर गर्दी साचत जाणार, मग घाटावर हजार कॅमेरे असले तरी. म्हणून गाड्यांमधलं अंतर रेल्वेच्या किंवा एसटीच्या सोयीने नाही, घाटाच्या क्षमतेवरून ठरायला हवं. घाट भरत आला की मागच्या वाहनतळावरच बस थांबवायची.

नाशिकला हे नवीन नाही. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर 39 भाविक गेले. 2015 च्या सिंहस्थात इथल्याच विद्यार्थ्यांनी पाऊल पडलं की मोजणारी चटई वापरून पाहिली. किती आत गेले, किती बाहेर आले, वजाबाकी केली की आतला आकडा. ना चेहरा लागतो, ना मोबाइल नंबर. मला हा मार्ग फार आवडतो, कारण घोळक्यात कॅमेऱ्यापुढे डोक्यामागे डोकी लपतात, आणि फोनच्या सिग्नलवरून गल्लीइतकं बारीक कळत नाही.

तेव्हा 2027 साठी कुणी डॅशबोर्ड दाखवला तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या आकड्याला गेट बंद होणार, हे आधीच लिहून ठेवलंय का? ते बंद करायला ड्युटीवरच्या माणसाला वरून परवानगी लागते का? आणि थांबवलेल्या लोकांना उभं राहायला सावली, पाणी आणि ‘अजून किती वेळ’ हे सांगणारं कुणी आहे का? तिसरा प्रश्न किरकोळ नाही. का थांबवलंय हे कळलं नाही की मागचे ढकलतात.

या तिन्हींची उत्तरं असतील तर साधी चटईसुद्धा जीव वाचवेल. नसतील तर आपण दुर्घटनेचं फक्त उत्तम रेकॉर्डिंग करू.

तुमच्यापैकी कुणी 2015 ला बंदोबस्तात किंवा स्वयंसेवक म्हणून होतं का? तुमचा अनुभव नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूच!